ही स्टेप कुणाची?

२००६ साली आलेला 'हॅपी फीट' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सगळी जमात गाण्यात पटाईत, आणि त्यात हा मंबल नावाचा एकटा पेंग्विन गाता गळा नसलेला, पण पाय कधी स्वस्थ न बसणारा. सिनेमाला ऑस्कर मिळालं, पोराटोरांनी तो डोक्यावर घेतला. आता मला सांगा, मंबलचे ते नाचणारे पाय कुणाचे? ते होते सेव्हियन ग्लोव्हर नावाच्या टॅप डान्सरचे. त्याच्या अंगावर मोशन कॅप्चरचे मार्कर लावले, त्याला नाचायला सांगितलं आणि तो सगळा डेटा पेंग्विनच्या अंगात घातला. ग्लोव्हरचं नाव श्रेयनामावलीत आहे, नाही असं नाही. पण सिनेमाची जाहिरात झाली ती आवाज देणाऱ्या स्टार मंडळींच्या नावावर.

मला गेली काही वर्षं या टॅपच्या इतिहासाचा नाद लागलाय. मी स्वतः नाचत नाही, गणपतीच्या मिरवणुकीतही मी कडेने टाळ्या वाजवणाऱ्यांतला. पण आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून झाले की शनिवारी सकाळी चहा घ्यायचा, हेडफोन लावायचे आणि जुन्या काळ्यापांढऱ्या क्लिप्स बघत बसायचं, हा आपला ठरलेला कार्यक्रम. बघत म्हणण्यापेक्षा ऐकत. कारण टॅपच्या बुटाला चवड्याखाली आणि टाचेखाली धातूची एकेक पट्टी असते, आणि नाचणारा माणूस त्या चार पट्ट्यांवर अक्षरशः ताल वाजवत असतो. घुंगरू बांधून तत्कार करणारा कथक नर्तक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. डोळे मिटून ऐकलं तरी अर्ध्याहून जास्त नाच कळतो.

आणि या नादात जितकं खोल जावं तितका तोच एक प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो. पाय कुणाचे आणि नाव कुणाचं?

सुरुवातीपासून सांगतो. १७३९ च्या सप्टेंबरमध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत, माणसं गोळा करत ते दक्षिणेकडे निघाले होते. उठाव चिरडला गेला आणि १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंगं आणि मोठा आवाज करणारी वाद्यं बाळगायला बंदी केली. आता यावरून 'ढोल काढून घेतले म्हणून पाय वाजू लागले' अशी एक सुटसुटीत गोष्ट बरेच ठिकाणी वाचायला मिळते. गोष्ट छान आहे, पण इतकी सरळ नाही. हा कायदा एका वसाहतीचा होता, आणि न्यू ऑर्लिन्ससारख्या ठिकाणी ढोल पुढेही वाजतच राहिले. खरं एवढंच, की आफ्रिकेतून आणलेल्या माणसांकडे हातांनी मांडी, छाती, खांदे वाजवून आणि पाय घासून-आपटून ताल धरायची पद्धत होती. तिला 'जुबा' म्हणत. वाद्य हिसकावता येतं, मांडी कशी हिसकावणार?

दुसरीकडून आले आयरिश लोक, त्यांचा जिग घेऊन. आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधले गिरणी कामगार, लाकडी तळव्याच्या बुटांचा क्लॉग डान्स घेऊन. हे सगळे गरीब लोक न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्ससारख्या बकाल वस्तीत शेजारी-शेजारी राहत होते. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना या वस्तीत जाऊन आला. तिथल्या एका तळघरातल्या गुत्त्यात एक काळा पोरगा बेफाम नाचत होता. डिकन्सने आपल्या प्रवासवर्णनात त्याच्या पायांचं बहारदार वर्णन केलंय, पण नाव काही दिलेलं नाही. तो बहुधा विल्यम हेन्री लेन, म्हणजेच 'मास्टर जुबा', असं आता मानलं जातं. पुढे त्याच्या आणि जॉन डायमंड या गोऱ्या नर्तकाच्या जाहीर स्पर्धा झाल्या. १८४८ मध्ये लेन इंग्लंडला गेला, तिथे गाजला आणि तिशी गाठायच्या आतच वारला. टॅपच्या पहिल्या मोठ्या माणसाची जगप्रसिद्ध लेखकाने केलेली नोंद, आणि तीही बिननावाची! पुढच्या शंभर वर्षांची नांदीच म्हणा ना.

याच काळात मिन्स्ट्रेल शो जोरात होते. गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करायचे, त्यांचे नाच करायचे आणि लोक तिकीट काढून हसायचे. यातल्याच 'जिम क्रो' या पात्राचं नाव नंतर दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना चिकटलं. तो सगळा तपशील इथे लावत बसत नाही. लक्षात एवढंच ठेवायचं की स्टेप उचलणं आणि माणसाला बाजूला सारणं, हे दोन्ही एकाच मंचावर सुरू झालं.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. बिल रॉबिन्सन, ऊर्फ 'बोजँगल्स'. जन्म १८७८, रिचमंड, व्हर्जिनिया. त्या वेळच्या व्हॉडव्हिल थिएटरांत असा संकेत होता की काळ्या कलाकाराने एकट्याने मंचावर यायचं नाही, जोडीनेच यायचं. रॉबिन्सनने बरीच वर्षं जोडीदाराबरोबर काढली आणि मग एकट्याने उभं राहून दाखवलं. त्याचा जिन्यावरचा नाच प्रसिद्ध आहे. पाच पायऱ्या वर, पाच खाली, प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा आणि सगळं चवड्यांवर, हलकं, स्वच्छ. एकेक ठोका मोजून घ्यावा. हा नाच तो स्वतःची मालमत्ता असल्यासारखा जपायचा. गंमत म्हणजे त्याच्या आधीही पायऱ्यांवर नाचणारे होते आणि आपली कल्पना त्याने उचलली असं म्हणणारेही होते. १९३५ च्या 'द लिटल कर्नल'मध्ये तो छोट्या शर्ली टेम्पलचा हात धरून जिन्यावर नाचला. सहा-सात वर्षांची गोरी पोर आणि छप्पन्न वर्षांचा काळा माणूस! दक्षिणेतल्या काही थिएटरांना तेवढा हात धरलेलाही चालला नाही.

पण मला सर्वांत जास्त आवडते ती हार्लेममधली एक खोली. सातव्या ॲव्हेन्यूवर, लफायेत थिएटरच्या शेजारी कॉमेडी क्लब नावाचा जुगाराचा अड्डा होता आणि त्याच्या मागे ही लहानशी खोली. तिला म्हणायचे 'हूफर्स क्लब'. मोडका पियानो, बरी जमीन आणि अहोरात्र नाचणारे लोक. मालकाला नाचणाऱ्यांचं प्रेम, त्यामुळे भाडंबिडं काही नाही. फी नाही, मास्तर नाही, वर्ग नाही. कोपऱ्यात उभं राहायचं, दुसऱ्याचे पाय बघायचे आणि शिकायचं. नियम एकच आणि तोही न लिहिलेला. दुसऱ्याची स्टेप घ्या, पण जशीच्या तशी करायची नाही. तिच्यात स्वतःचं काहीतरी घाला आणि मग मांडा.

माझ्यासारख्या माणसाला हे वाचून ओपन सोर्स आठवलं नसतं तरच नवल. कोड सगळ्यांना दिसतो, कुणीही फोर्क करावा, पण नुसतं कॉपी-पेस्ट करून वर आपलं नाव टाकलं तर चारचौघांत लाज निघणार. इथे तर खरोखरच निघायची. शेजारच्या थिएटरात कुणी नवा नर्तक आला की पहिल्या खेळाला पुढच्या रांगांत क्लबातली मंडळी येऊन बसायची. उचललेली स्टेप दिसली की तिथेच बोंब! कोर्टकचेरी नाही, वकील नाही. पण ज्यांच्या मताला किंमत, तेच समोर बसलेले.

याच खोलीत १९२० च्या सुमाराला जॉन बबल्स नावाचा पोरगेला नर्तक आला आणि हसं होऊन परत गेला. गडी दुसरीकडे जाऊन घाम गाळत राहिला, वर्षा-दोन वर्षांनी परत आला आणि त्याच खोलीत त्याने सगळ्यांना गप्प केलं. ही हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली, तेव्हा चवीपुरतं मीठ असेलही :) पण त्याने केलेला बदल खराच मोठा होता. रॉबिन्सनच्या पठडीतले लोक चवड्यांवर, जलद लयीत नाचायचे. बबल्सने लय निम्मी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर विलंबितात गेला. लय उतरली की दोन ठोक्यांच्या मधे जागा मोकळी होते, आणि त्या जागेत त्याने टाचा वाजवायला सुरुवात केली, त्याही अनपेक्षित ठिकाणी. चवडा म्हणजे तबल्याची चाट, टाच म्हणजे डग्गा, असं समजा. त्यामुळे टॅप एकदम जाझ ड्रमरच्या शेजारी जाऊन बसला. याला 'ऱ्हिदम टॅप' म्हणतात आणि ग्लोव्हरपर्यंतची सगळी वाट याच्या अंगणातून जाते. आपली स्टेप कुणी उचलू नये म्हणून बबल्स म्हणे दर खेळाला काहीतरी बदलायचा. कॉपी प्रोटेक्शनच की हे!

पण हूफर्स क्लबचा नियम क्लबाच्या दारापर्यंतच चालायचा. बाहेर हॉलिवूड होतं.

फ्रेड अस्टेअर मोठा कलाकार होता यात वाद नाही. कॅमेऱ्यात सबंध शरीर दिसलं पाहिजे, मधे कट नको, असा आग्रह धरून त्याने सिनेमातला नाच बदलून टाकला. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मध्ये त्याचा 'बोजँगल्स ऑफ हार्लेम' नावाचा नाच आहे. नावात आदरांजली रॉबिन्सनला. पण जाणकार म्हणतात की कपडे आणि नाचाची ढब बबल्सची आहे. १९३५ मध्ये बबल्सने 'पोर्गी अँड बेस'मध्ये स्पोर्टिन लाइफची भूमिका केली होती, ती आठवावी अशी. आणि अस्टेअरने तोंडाला काळं फासलेलं. म्हणजे बघा, एका काळ्या नर्तकाचं नाव, दुसऱ्याचा नाच आणि पडद्यावर दोघंही नाहीत. मी हा नाच बऱ्याचदा पाहिलाय. मागच्या तीन प्रचंड सावल्यांबरोबर अस्टेअर नाचतो तो भाग तंत्र म्हणून आजही थक्क करतो. आणि दर वेळी पोटात काहीतरी ढवळतंही. दोन्ही खरं आहे.

जेनी लेगॉनची गोष्ट तर आणखी बोचते. १९३५ मध्ये ती 'हूरे फॉर लव्ह'मध्ये रॉबिन्सनबरोबर नाचली. मोठ्या स्टुडिओने दीर्घ मुदतीचा करार केलेली ती पहिली काळी स्त्री मानली जाते. एमजीएमकडे तेव्हा एलिनॉर पॉवेल होती. करार मोडला गेला आणि लेगॉनच्या वाट्याला पुढे मोलकरणींच्या भूमिका आल्या. १९४८ च्या 'ईस्टर परेड'मध्ये ती ॲन मिलरची मोलकरीण आहे. सिनेमा टॅपचा, समोर नाचणारी नायिका, त्यात अस्टेअरही आहे, आणि टॅपमधली ही तयारीची बाई ट्रे घेऊन उभी!

निकोलस बंधूंचं काय झालं तेही असंच. १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर'मध्ये फेयार्ड आणि हॅरल्ड एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत, दर पायरीवर पाय फाकवून पडत आणि हात न टेकता उठत मोठा जिना उतरतात. ऑफिसात कुणाला टॅप दाखवायचा झाला तर मी हीच क्लिप दाखवतो, अजून कुणी मान हलवल्याशिवाय गेलेलं नाही. पण इतर सिनेमांत या दोघांचे नाच कथेपासून असे सुटे ठेवलेले असायचे की दक्षिणेत दाखवताना कापून टाकले तरी गोष्ट अडू नये. सॉफ्टवेअरवाले याला मॉड्युलर डिझाइन म्हणतील. कशासाठी केलेलं, ते मात्र बघा.

चाळीसच्या दशकाच्या शेवटी टॅपची बत्ती गुल झाली. नाचगाण्याच्या ठिकाणांवर युद्धकाळात जबर कर बसला होता. ब्रॉडवेवर १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'नंतर बॅलेची चलती झाली. मोठे बँड मोडले, मग टीव्ही आला, रॉक अँड रोल आला. रॉबिन्सन १९४९ मध्ये वारला तो जवळजवळ कफल्लक. आयुष्यभर त्याने दोन्ही हातांनी पैसे वाटले होते. रिचमंडमध्ये मुलांना रस्ता ओलांडताना पाहून त्याने स्वखर्चाने सिग्नल बसवून दिला होता, आज तिथे त्याचा पुतळा आहे. हॉनी कोल्ससारखा अव्वल नर्तक अपोलो थिएटरचा व्यवस्थापक झाला. त्याचा जोडीदार चॉली ॲटकिन्स मोटाऊन कंपनीत गायकांना हातवारे शिकवू लागला. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स यांच्या त्या देखण्या हालचाली या जुन्या टॅपवाल्याने बसवलेल्या! पाय कुणाचे, नाव कुणाचं... असो.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं आपल्याला ठाऊक आहे त्या माणसाकडे येतो. मार्शल स्टर्न्स हे इंग्रजीचे प्राध्यापक. विषय मध्ययुगीन काव्य. पंधराव्या शतकातल्या रॉबर्ट हेन्रिसन या स्कॉटिश कवीवर त्यांचं पुस्तक आहे. आणि नाद जाझचा. १९५२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या घरातच जाझच्या अभ्यासाची संस्था काढली. ती पुढे १९६६ मध्ये रटगर्स विद्यापीठाकडे गेली. पत्नी जीन यांच्यासह ते म्हाताऱ्या होत चाललेल्या नर्तकांना गाठत, तासन्‌तास बोलतं करत. ही स्टेप कुणाकडून घेतली? त्याने कुणाकडून? त्याआधी कोण करायचं? जुन्या पोथ्यांची वंशावळ लावणारा माणूसच असे प्रश्न विचारू शकतो. १९६२ मध्ये न्यूपोर्ट जाझ महोत्सवात त्यांनी बेबी लॉरेन्स, बनी ब्रिग्ज, पीट न्यूजंट आणि हॉनी कोल्स यांना मंचावर आणलं. टॅप संपला असं समजणाऱ्या लोकांसमोर!

डिसेंबर १९६६ मध्ये स्टर्न्स गेले. पुस्तक अपुरं होतं. जीन यांनी ते पुरं केलं आणि १९६८ मध्ये 'जाझ डान्स' प्रसिद्ध झालं. हूफर्स क्लबची ती खोली आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः याच पुस्तकातून. ज्यांच्या तोंडून ही माहिती घेतली त्यांच्यातले कितीतरी जण पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गेले. दहा वर्षं उशीर झाला असता तर विचारायला माणसं उरली नसती. नर्तक गेला की त्याच्याबरोबर स्टेपही जाते, तिचा बॅकअप कुठेच नसतो. कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेत नृत्यरचनेला कॉपीराइट कायद्यात स्पष्टपणे जागा मिळाली ती १९७६ च्या कायद्याने, आणि सुट्या स्टेपला ती आजही नाही. म्हणजे स्टेप कुणाची हे सांगायला आठवणीशिवाय पुरावा नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. बायकांना जागा फारच कमी. ती कसर पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः कॉन्स्टन्स व्हॅलिस हिल यांनी आपल्या २०१० च्या इतिहासात भरून काढली. आणि गंमत अशी की सत्तरच्या दशकात टॅपला पुन्हा उभं केलं ते बरंचसं बायकांनीच. ब्रेंडा बफालिनो, जेन गोल्डबर्ग अशा जणी जुन्या नर्तकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, शिकवा म्हणाल्या. १९८० मध्ये गोल्डबर्गने न्यूयॉर्कमध्ये जुन्या-नव्यांना एकत्र आणलं त्या महोत्सवाचं नाव होतं 'बाय वर्ड ऑफ फूट'. मराठीत काय म्हणाल? कर्णोपकर्णी नाही, पादोपादी! त्यानंतर ग्रेगरी हाइन्स आला, १९८९ चा 'टॅप' हा सिनेमा आला आणि त्यात या म्हाताऱ्यांबरोबर किशोरवयीन सेव्हियन ग्लोव्हर होता. त्याच वर्षी अमेरिकन संसदेने रॉबिन्सनचा जन्मदिवस, २५ मे, राष्ट्रीय टॅप दिन म्हणून ठरवला.

आपल्याकडचा एक धागाही आहे. मूळचे कोलकात्याचे आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले कथकगुरू पंडित चित्रेश दास यांची २००४ मध्ये एका नृत्यमहोत्सवात जेसन सॅम्युएल्स स्मिथ या तरुण टॅप डान्सरशी गाठ पडली. एक साठीचा, एक विशीतला. एकाचे पाय अनवाणी, घुंगरू बांधलेले, दुसऱ्याच्या पायात लोखंड ठोकलेले बूट. त्यातून 'इंडिया जाझ सूट्स' हा कार्यक्रम उभा राहिला आणि त्याचे प्रयोग भारतातही झाले. २०१५ मध्ये पंडितजी गेले. त्या दोघांच्या सवालजवाबाच्या क्लिप्स जरूर बघा. कथकात तुकडा नाचण्याआधी त्याची पढंत करतात आणि बरेचदा तो कुणाचा हेही सांगतात. बोल पाठ असतात, त्यामुळे रचना आणि नाव दोन्ही टिकायला आधार मिळतो. टॅपला असा सर्वमान्य बोलांचा संचच नव्हता. स्टर्न्स पती-पत्नींनी जे केलं ते मला त्या राहून गेलेल्या पढंतीसारखं वाटतं.

जाता जाता एक. टॅपच्या कार्यक्रमाच्या शेवटी बरेचदा सगळे नर्तक, लहान-मोठे, मंचावर येतात आणि 'शिम शॅम' करतात. साधा, छोटा नाच. जगातल्या कुठल्याही टॅप डान्सरला येतोच. हा मात्र जशाचा तसा करायचा, सगळ्यांनी एकत्र, ज्याचा-त्याचा म्हणून. याचं श्रेय साधारणपणे लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट या जोडीला देतात, काळ विसाव्या दशकाचा शेवट. पुढच्या वेळी कुठे बघाल तेव्हा ही दोन नावं शेजाऱ्याला सांगून ठेवा. तेवढं आपल्यालाही जमेल.